बुरशीचा अर्धा वाटा

बंगळुरूच्या इंदिरानगरात सीएमएच रोडवर किंवा शंभर फुटी रस्त्यावर औषधांची जी दुकाने आहेत, त्यांतील कोणत्याही दुकानात प्रतिजैविकांचा कप्पा पाहिला, तर अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या जोडगोळ्या, सेफिक्सीम, सेफॅलेक्झिन, ॲझिथ्रोमायसीन आणि डॉक्सिसायक्लीन ही नावे हटकून आढळतात. क्षयरोगाच्या उपचारात यांच्या जोडीला रिफॅम्पिसीन येते. यांपैकी क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल वगळले तर एकही रेणू निसर्गात जसाच्या तसा सापडत नाही, आणि तरीही यांतील एकही रेणू कारखान्यात मुळापासून बांधला जात नाही. प्रत्येकाचा गाभा एखाद्या बुरशीने किंवा मातीतील जिवाणूने आपल्या पेशीत तयार केलेला असतो आणि त्या गाभ्याचा काही भाग कापून, बदलून किंवा त्याला नवी जोड देऊन रसायनशास्त्रज्ञांनी औषध घडवलेले असते. अशा औषधांना अर्धसंश्लेषित प्रतिजैविके म्हणतात. त्याच कप्प्यातील सिप्रोफ्लॉक्सासिन हे पूर्णपणे प्रयोगशाळेतले, म्हणजे संश्लेषित औषध आहे, तर डोळ्यांत घालायच्या थेंबांतील जेंटामायसीन हे सूक्ष्मजीवाने केलेले, म्हणजे नैसर्गिक. परंतु या दोहोंच्या मधला वर्ग इतका मोठा झाला आहे की डॉक्टरांचा रोजचा व्यवहार मुख्यतः त्यावरच चालतो. भारतात या वर्गाची जी पायाभरणी झाली तीत पुण्याजवळच्या पिंपरीचा वाटा ठळक आहे, आणि बंगळुरूतील एका सरकारी औषध कंपनीचे मूळही पिंपरीतच सापडते. मात्र त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी हा रेणू कापायचा म्हणजे नेमके काय करायचे आणि ते करण्याची गरज का पडली, हे पाहणे आवश्यक आहे.

पेनिसिलीनच्या रेणूचा गाभा दोन वलयांचा असतो. त्यांतील एक पाच अणूंचे आणि गंधकयुक्त असून त्याला थायाझोलिडीन वलय म्हणतात, आणि त्याला चिकटलेले दुसरे चार अणूंचे वलय बीटा-लॅक्टम या नावाने ओळखले जाते. चार अणूंचे वलय स्वभावतःच ताणलेले असते व संधी मिळताच उघडते, आणि औषधाची सारी शक्ती या ताणातच आहे. जिवाणू आपल्या पेशीभोवती जी भिंत बांधतो, तिचे धागे एकमेकांना जोडणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, त्याच्याजवळ असते. पेनिसिलीनचा आकार त्या धाग्याच्या टोकासारखा असल्यामुळे हे विकर फसते, पेनिसिलीनला पकडते, वलय उघडते आणि उघडलेला रेणू विकराला कायमचा चिकटून बसतो. भिंत अपुरी राहते व वाढणारा जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे हे औषध त्याला बहुधा निरुपद्रवी ठरते. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने ही रचना १९४५ मध्ये निश्चित केली, तेव्हा चार अणूंचे वलय खरोखरच आहे यावर काही नामवंत रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता.

असे असूनही मूळ पेनिसिलीन, ज्याला पेनिसिलीन जी म्हणतात, त्यात तीन मोठ्या उणिवा होत्या. जठरातील आम्लात ते टिकत नसे, त्यामुळे ते सुईनेच द्यावे लागे. बाहेरून जादा आवरण असलेल्या, म्हणजे ग्रॅम-ऋण, जिवाणूंपैकी बहुतेकांच्या आत ते शिरत नसे, त्यामुळे विषमज्वरासारख्या रोगांत त्याचा उपयोग नव्हता. आणि काही जिवाणूंजवळ ते वलय पाण्याने फोडून टाकणारे पेनिसिलिनेज नावाचे विकर असे. हे विकर एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच नोंदवले होते, म्हणजे औषध सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच त्याचा शत्रू शास्त्रज्ञांना ठाऊक झाला होता. या तिन्ही उणिवांचा संबंध गाभ्याला डावीकडे लटकलेल्या एका छोट्या तुकड्याशी होता, ज्याला पार्श्वसाखळी म्हणतात. गाभा सर्व पेनिसिलिनांत एकच असतो, पार्श्वसाखळी मात्र बदलू शकते. बुरशीच्या खाद्यात फिनाइल-ॲसिटिक आम्ल घातले की पेनिसिलीन जी मिळते, आणि फिनॉक्सि-ॲसिटिक आम्ल घातले की आम्लात टिकणारे, तोंडाने घेता येणारे पेनिसिलीन व्ही मिळते. अडचण एवढीच की बुरशीची आवड मोजकी असते, आणि तिला नको असलेली पार्श्वसाखळी ती कितीही खाऊ घातली तरी जोडत नाही.

या अडचणीवरचा उपाय १९५७ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉकहॅम पार्क येथे, बीचम कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि तो आकडे जुळत नव्हते म्हणून सापडला. फिनाइल-ॲसिटिक आम्ल न घालता वाढवलेल्या बुरशीच्या द्रावणात पेनिसिलीन किती आहे हे रासायनिक पद्धतीने मोजले तर अंक मोठा येई, आणि तेच द्रावण जिवाणू किती मारते यावरून मोजले तर अंक लहान येई. याचा अर्थ असा निघाला की द्रावणात पार्श्वसाखळी नसलेला उघडा गाभा साचलेला असावा, जो रसायनाला पेनिसिलीनसारखा दिसतो परंतु जिवाणूंवर फारसा परिणाम करत नाही. आणि त्या द्रावणात हवी ती पार्श्वसाखळी रासायनिक रीतीने जोडताच त्याची मारकशक्ती परत आली. बॅचलर, डॉइल, नेलर आणि रोलिन्सन यांनी हा गाभा वेगळा करून १९५९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात जाहीर केला. त्याचे नाव ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल. उद्योगात मात्र सर्वत्र ६-एपीए असेच म्हणतात. जपानी संशोधकांनी पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धातच या रेणूची चाहूल दिली होती, परंतु त्याचा औषधासाठी उपयोग करून घेण्याचे श्रेय ब्रॉकहॅम पार्कचेच. कोकणात गावठी आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात, तसा हा प्रकार आहे: खुंट बुरशीचा आणि काडी माणसाने निवडलेली.

यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत जे घडले ते औषधशास्त्राच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. १९६० मध्ये मेथिसिलीन आले, ज्याच्या पार्श्वसाखळीतील दोन अवजड गट बीटा-लॅक्टम वलयासमोर पहारा देत उभे राहत आणि पेनिसिलिनेजला जवळ येऊ देत नसत. १९६१ मध्ये अँपिसिलीन आले. त्याच्या पार्श्वसाखळीत फक्त एका अमिनो गटाची भर होती, परंतु त्या भरीमुळे ते आम्लात टिकू लागले आणि अनेक ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या आवरणातील छिद्रांतून आत शिरू लागले. १९७२ मध्ये अँपिसिलीनच्याच पार्श्वसाखळीतील फिनाइल वलयावर एक हायड्रॉक्सिल गट बसवून अमॉक्सिसिलीन तयार झाले, जे आतड्यातून कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात शोषले जाते. अँपिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन यांच्यात एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे, आणि लहान मुलांचे कान-घशाचे दुखणे घेऊन दवाखान्यात गेलेल्या किती कुटुंबांना तो एक अणू उपयोगी पडला असेल याचा हिशेब लागणार नाही. मेथिसिलीनची कहाणी मात्र वेगळ्या दिशेने गेली: लंडनमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी १९६१ मध्येच, म्हणजे औषध बाजारात येऊन जेमतेम वर्ष होते तोच, त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू नोंदवले. या जिवाणूंनी पेनिसिलिनेज सुधारले नव्हते, तर भिंत जोडणारे विकरच वेगळे वापरायला सुरुवात केली होती, ज्याला पेनिसिलीन नीट चिकटत नाही. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, या नावाने इस्पितळांत दरारा निर्माण करणारा हाच तो जिवाणू. औषध मागे पडले, नाव मात्र जिवाणूला चिकटून राहिले.

सेफॅलोस्पोरिन गटाची गोष्ट याच धर्तीची आहे, म्हणून ती थोडक्यात पुरे. सार्डिनिया बेटावरील कॅल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्सू या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १९४५ मध्ये सांडपाणी समुद्राला मिळते तेथील पाण्यातून एक बुरशी वेगळी केली, जिचा स्राव विषमज्वराच्या जिवाणूंनाही रोखत असे. ऑक्सफर्डमध्ये तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन सी मिळाले, ते स्वतः औषध म्हणून दुबळे निघाले, परंतु त्याचा गाभा, ७-एसीए, हाती आल्यावर त्यापासून एकामागून एक पिढ्या जन्माला आल्या आणि सेफिक्सीम व सेफ्ट्रायॅक्झोन या तिसऱ्या पिढीतील औषधांनी विषमज्वराच्या उपचारात जागा मिळवली. एक बाब मात्र पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल. अमेरिकेतील एली लिली कंपनीत पेनिसिलीनचे पाच अणूंचे वलय रुंद करून सहा अणूंचे करण्याची रीत साठच्या दशकात शोधण्यात आली, आणि त्यामुळे सेफॅलेक्झिनसारखी काही सेफॅलोस्पोरिने सेफॅलोस्पोरिनच्या बुरशीऐवजी थेट पेनिसिलिनापासूनच बनू लागली. थोडक्यात, पेनिसिलीन जी हा केवळ एका जुन्या इंजेक्शनचा घटक उरला नाही. तो अर्ध्या डझनाहून अधिक औषधांचा कच्चा माल झाला.

भारतात हा कच्चा माल प्रथम पिंपरीत तयार झाला. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांनी देशात पेनिसिलीन बनलेच पाहिजे असा आग्रह धरला होता. भारत सरकारने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्याशी करार केला, १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड या कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पुणे-मुंबई रस्त्यावरचा हा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या बोलीत आजही 'एच.ए. कंपनी' एवढाच ओळखला जातो. पिंपरी-चिंचवडला उद्योगनगरी म्हणण्याचे दिवस यायचे होते तेव्हा, सार्वजनिक क्षेत्रात प्रतिजैविके बनवणारा देशातील हा पहिला कारखाना माळरानावर उभा राहिला.

तेथील काम बाहेरून दिसते त्यापेक्षा नाजूक होते. पेनिसिलियम ही बुरशी ज्या प्रचंड बंद टाक्यांत वाढवतात त्यांना फर्मेंटर म्हणतात आणि बुरशी वाढवून तिच्याकडून द्रव्य तयार करून घेण्याच्या या क्रियेला किण्वन. साखर आणि मक्याच्या स्टार्च उद्योगातून मिळणारे दाट पाणी हे बुरशीचे अन्न, त्यातच फिनाइल-ॲसिटिक आम्ल बेताबेताने सोडत राहायचे. तापमान पंचविशीच्या आसपास ठेवायचे, पण बुरशी स्वतःच उष्णता सोडत असल्यामुळे दिवसरात्र थंडावा पुरवायचा. आणि टाकीच्या तळातून जंतुरहित हवा अखंड सोडायची, कारण बुरशीला प्राणवायू थोडा वेळ कमी पडला तरी पेनिसिलीन घटते. हवेबरोबर पेनिसिलिनेज बनवणारा एखादा जिवाणू आत शिरला आणि वाढला, तर बुरशीने कित्येक दिवसांत जे साठवले ते तो फोडून टाकतो व सबंध बॅच गटारात ओतावी लागते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या मूळ बुरशीपासून एका मिलिलिटरमागे एखाद-दुसरे युनिट पेनिसिलीन मिळत असे. आजच्या जाती त्याच्या हजारो पट देतात, आणि ही वाढ रसायनशास्त्राने झालेली नसून बुरशीची निवड, उत्परिवर्तन आणि टाकीची निगा यांतून चार-पाच दशके चिकाटीने झालेली आहे. रसायनशास्त्रज्ञाने लावलेल्या शोधाचा उल्लेख पाठ्यपुस्तकात येतो, टाकीची निगा राखणाऱ्याचा येत नाही. परंतु या उद्योगात कोण टिकले आणि कोण बुडाले हे पुढे टाकीनेच ठरवले.

पिंपरीच्या संशोधन विभागाने स्वतःची नैसर्गिक प्रतिजैविकेही शोधली. कर्नाटकात जन्मलेले कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली तेथे हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध साठच्या दशकाच्या आरंभी सापडले. ते देणाऱ्या जिवाणूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिनही तेथलेच. कंपनी 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' नावाचे शास्त्रीय नियतकालिक चालवत असे, आणि एखाद्या सरकारी कारखान्याने असे नियतकालिक वर्षानुवर्षे चालवावे ही गोष्ट त्या काळाच्या वृत्तीविषयी बरेच सांगून जाते.

तथापि अर्धसंश्लेषित औषधांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम निराळे होते. ६-एपीए मिळवायचे तर पेनिसिलीन जी मधील पार्श्वसाखळी कापावी लागते, आणि कापताना शेजारचे बीटा-लॅक्टम वलय अबाधित राहिले पाहिजे. येथे खरी मेख आहे, कारण ताणलेले वलय पार्श्वसाखळीच्या बंधापेक्षा लवकर तुटते. साधे आम्ल किंवा अल्क वापरले तर आधी वलयच फुटते. सत्तरच्या दशकात युरोपात यावर रासायनिक तोड रूढ झाली, पण ती जिकिरीची होती: पाण्याचा अंशही नसलेल्या क्लोरिनयुक्त द्रावकात, उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखे दाहक रसायन वापरून पार्श्वसाखळी सोडवायची. याउलट, ई. कोलाय या आतड्यातील परिचित जिवाणूच्या काही जातींजवळ पेनिसिलीन ॲसायलेज नावाचे विकर असते, जे नेमका तोच एक बंध साध्या पाण्यात आणि माणसाला सोसेल अशा तापमानात कापते. विकर महाग असल्यामुळे ते एकदा वापरून टाकून देणे परवडत नाही; म्हणून ते पॉलिमरच्या बारीक मण्यांना पक्के जोडतात, ज्याला स्थिरीकरण म्हणतात, आणि मग तेच मणी गाळून पुनःपुन्हा, शेकडो बॅचसाठी वापरता येतात.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एच. शिवरामन आणि त्यांचे सहकारी, तर पिंपरीत एच.ए.च्या संशोधन विभागात जे. जी. शेवाळे, या विकरावर काम करत होते; या विषयाचा आढावा घेणारा शेवाळे व शिवरामन यांचा संयुक्त लेख १९८९ मध्ये 'प्रोसेस बायोकेमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व पुढे जगभर संदर्भासाठी वापरला गेला. दोन संस्थांमधील अंतर पुणे शहराच्या एका टोकापासून पिंपरीपर्यंतचे. विकर मिळवण्यातही खुबी आहे: माणसाच्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, सुखाने वाढणारा ई. कोलाय त्या तापमानाला हे विकर जवळजवळ बनवतच नाही. त्याला थोडे गारव्यात, तीस अंशांच्या खाली, वाढवावे लागते आणि खाद्यात फिनाइल-ॲसिटिक आम्ल घालावे लागते, तेव्हा कुठे तो विकर तयार करतो. पुढची क्रिया पाहण्यासारखी असते. पेनिसिलीन जी च्या द्रावणात मणी ढवळत असताना पार्श्वसाखळी सुटते व तिचे पुन्हा फिनाइल-ॲसिटिक आम्ल बनते, त्यामुळे द्रावण आंबट होऊ लागते. सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, ८ च्या आसपास टिकवण्यासाठी अल्क थेंबाथेंबाने सोडत राहावे लागते, आणि अल्क लागेनासे झाले की पार्श्वसाखळी कापून झाली असे समजते. मणी गाळून बाजूला काढतात, द्रावण आंबट करून द्रावकाने फिनाइल-ॲसिटिक आम्ल काढून घेतात, आणि सामू ४ च्या जवळ आणला की ६-एपीए पाण्यात विरघळून राहू शकत नाही व पांढरे स्फटिक तळाशी बसतात. काढून घेतलेले फिनाइल-ॲसिटिक आम्ल फर्मेंटरकडे परत जाते व बुरशी ते पुन्हा पेनिसिलिनात गुंफते. घातक क्लोरिनयुक्त द्रावक नाहीत, अतिशीत यंत्रे नाहीत, आणि कापलेला तुकडाही वाया जात नाही. हरित रसायनशास्त्र ही संज्ञा रूढ होण्याच्या आधीची ही उत्तम हरित प्रक्रिया आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, शिवरामन आणि इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातील सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पेनिसिलीन व्ही कापणाऱ्या भाऊबंद विकराची त्रिमितीय रचनाही प्रसिद्ध केली.

बंगळुरूशी या कथेचा धागा १९८१ मध्ये जुळला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आणि कर्नाटक राज्याचे औद्योगिक गुंतवणूक महामंडळ यांनी मिळून कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली, जिचा कारखाना इंदिरानगरच्या विरुद्ध टोकाला, शहराच्या वायव्येस असलेल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. दोन्ही कारखान्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पिंपरीत मूळ द्रव्य, ज्याला औषध व्यवसायात बल्क ड्रग म्हणतात, ते बुरशीपासून बनत असे. पीण्यात मुख्यतः तयार द्रव्यापासून इंजेक्शनच्या बाटल्या, कॅप्सूल व गोळ्या भरल्या जातात, ज्याला फॉर्म्युलेशन म्हणतात. पुढे आईची, म्हणजे एच.ए.ची, प्रकृती खालावली आणि लेक मात्र धडधाकट राहिली, याचे एक कारण या भेदात आहे.

पेनिसिलिनाच्या कुळाबाहेरही हीच रीत चालते. फिलिपिन्समधील इलोइलो भागातील मातीतून १९४९ मध्ये डॉ. अबेलार्दो अगिलार यांनी पाठवलेल्या नमुन्यापासून एरिथ्रोमायसीन मिळाले. त्याचे वलय चौदा अणूंचे, आणि त्याला दोन शर्करा जोडलेल्या. जठरातील आम्लात मात्र वलयातील एक हायड्रॉक्सिल गट समोरच्या कीटोन गटावर वळून बसतो, रेणू दुमडतो, निकामी होतो आणि वर पोटात मळमळ उठवतो. जपानमध्ये तैशो कंपनीने त्या हायड्रॉक्सिल गटावर मिथाइलची टोपी बसवून क्लॅरिथ्रोमायसीन बनवले. झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत स्लोबोदान जोकिच, गाब्रियेला कोब्रेहेल आणि सहकाऱ्यांनी दुसरीच वाट धरली: कीटोन गटाच्या जागी नायट्रोजन वलयात ओवून त्यांनी पंधरा अणूंचे वलय केले, आणि भांडणारा कीटोनच उरला नाही. तेच ॲझिथ्रोमायसीन. ते ऊतींमध्ये कित्येक दिवस रेंगाळत असल्यामुळे तीन किंवा पाच दिवसांचा छोटा कोर्स पुरतो; सोय एवढी मोठी ठरली की साध्या विषाणुजन्य सर्दीखोकल्यातही, जेथे त्याचा काही उपयोग नाही तेथेही, ते सर्रास लिहिले जाऊ लागले. रिफॅम्पिसीनची हकिकतही अशीच आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाइनच्या वनातील मातीतून १९५७ मध्ये मिलानच्या लेपेटिट कंपनीने रिफामायसीन मिळवले, ते तोंडाने घेता येत नव्हते, म्हणून पिएरो सेन्सी यांच्या गटाने शेकडो फेरबदल करून साठच्या दशकाच्या मध्यास रिफॅम्पिसीन सिद्ध केले. क्षयरोगाचा उपचार दीड वर्षावरून सहा महिन्यांवर येण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा. आणि लघवी नारिंगी होते म्हणून घाबरणाऱ्या रुग्णाला आरोग्यसेविका जो धीर देते, तो रंग याच रेणूचा.

पुन्हा पिंपरीकडे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील पेटंट काढून टाकले व केवळ बनवण्याच्या पद्धतीवरील पेटंट ठेवले, त्यामुळे अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, सेफॅलेक्झिन आणि पुढे ॲझिथ्रोमायसीन यांची कलमे बांधण्यात भारतीय कंपन्या तरबेज झाल्या. परंतु नव्वदच्या दशकात आयातीवरील बंधने सैलावली आणि चीनने अवाढव्य फर्मेंटर, स्वस्त मका व स्वस्त वीज यांच्या बळावर पेनिसिलीन जी आणि ६-एपीए अशा भावाने विकायला काढले की भारतातील पेनिसिलीनचे कारखाने एकेक करून थंडावले. एच.ए. त्याच दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची देणी फेडण्यासाठी अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. ही सारी हानी चीनच्या माथी मारणे सोपे आहे, परंतु पुरते खरे नाही. विकर, कलम आणि कॅप्सूल यांत नफा लवकर दिसत असल्यामुळे देशाने बुरशीच्या जातीवर आणि टाकीवर करावी लागणारी दीर्घ, कंटाळवाणी गुंतवणूक टाळली, हेही तितकेच खरे आहे. परिणाम असा झाला की जगाला अमॉक्सिसिलीन पुरवणारा देश त्याचा खुंट बाहेरून आणू लागला.

कोविडच्या साथीत पुरवठ्याची ही नाडी किती परस्वाधीन आहे ते दिसले, आणि २०२० मध्ये केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणली. तिच्या यादीत किण्वनावर आधारित प्रमुख कच्च्या मालाखाली चार नावे आहेत: पेनिसिलीन जी, ७-एसीए, एरिथ्रोमायसीन थायोसायनेट आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. प्रारंभी वर्णिलेल्या कप्प्यातील बहुतेक औषधे या चारांपैकी एखाद्यातून निघतात, आणि चारही सूक्ष्मजीवाच्या वाट्याची आहेत. रसायनशास्त्रज्ञाच्या वाट्याचे काम देशात आधीच होत होते. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडाजवळ अरबिंदो समूहाच्या लायफियस कंपनीचा पेनिसिलीन जी चा मोठा प्रकल्प सुरू झाला, आणि सुरू होताच आयात मालाच्या भावाशी त्याची झुंजही सुरू झाली.

दरम्यान, जिवाणू थांबलेले नाहीत. सेफिक्सीमसारखी औषधे फोडणारी, पेनिसिलिनेजच्या कुळातील विस्तारित पल्ल्याची बीटा-लॅक्टमेज विकरे भारतीय इस्पितळांत नित्याची झाली आहेत. मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने अनुसूची एच-१ मध्ये आहेत, म्हणजे दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी पाहून रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहिणे बंधनकारक आहे. या नियमाचे पालन गल्लीगणिक बदलते. नवी कलमेही येत आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टम या रेणूचा गाभा पेनिसिलिनाच्याच वंशातला आहे. तो स्वतः जिवाणू मारत नाही, तर बीटा-लॅक्टमेजला गुंतवून ठेवतो आणि जोडीच्या सेफेपीम या सेफॅलोस्पोरिनला मोकळीक देतो. त्या जोडीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली.

मराठवाड्यातील औरंगाबाद येथे, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे; तेथील नॅफिथ्रोमायसीन नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले व त्याच्या विकासाला केंद्र सरकारच्या बिरॅक या जैवतंत्रज्ञान संस्थेचे साह्य होते. हे औषध एरिथ्रोमायसीनच्या कुळातील कीटोलाइड या शाखेचे आहे: चौदा अणूंच्या वलयावरील एक शर्करा काढून तेथे कीटोन बसवायचा आणि दुसऱ्या बाजूस एक लांब हात जोडायचा. एरिथ्रोमायसीनला दाद न देणारे जिवाणू आपल्या रायबोसोमवरील, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवरील, एका जागी मिथाइल गट चिकटवून औषधाची बैठक बिघडवतात. हा लांब हात रायबोसोमच्या दुसऱ्या जागेला पकडतो, त्यामुळे पहिली बैठक बिघडली तरी पकड सुटत नाही. त्याच शाखेतील टेलिथ्रोमायसीन हे आधीचे औषध यकृताला होणाऱ्या गंभीर इजांमुळे मागे पडले होते, म्हणून हाताची रचना या वेळी निराळी ठेवण्यात आली. इस्पितळाबाहेर जडणाऱ्या न्यूमोनियावर दिवसातून एकदा, तीन दिवस, एवढाच त्याचा कोर्स आहे. त्याचे चौदा अणूंचे वलय प्रयोगशाळेत मुळापासून बांधता येत नाही असे नाही. रॉबर्ट वुडवर्ड यांच्या गटाने एरिथ्रोमायसीनचे संपूर्ण संश्लेषण करून दाखवले, ते त्यांच्या निधनानंतर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या निबंधांवर जवळपास पन्नास जणांची नावे आहेत. मातीतील सॅकरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया हा जिवाणू तेच वलय साखर आणि सोयापिठावर, टाकीत, काही दिवसांत बांधून देतो.